कानबाईचा पाट आणि इंदूबाईंची मान

मी माणसांना पालथं पाडून पोट भरते.

हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईला मुद्दाम सांगते आणि तिचा घास हातातच कसा अडकतो ते बघते. मग हळूच पुढचं सांगते. मी मालिश करते, फक्त बायकांना. गोडादऱ्यात माझी खोली आहे, दोन टेबलं आहेत, मध्ये पडदा आहे, आणि पालथं कुणी कुणाला पाडत नाही, बायका आपणहून पडतात. एवढ्यात तिचा घास तोंडात गेलेला असतो आणि ती डावा खांदा माझ्याकडे सरकवून म्हणते, "बघा ना ताई, इथे जरा..." एका हाताने जिलेबी सांभाळत दुसऱ्या हाताने खांदे चाचपण्याची कला मला पंगतींनी शिकवली.

बोर्डाचीही गंमत झाली होती. 'मसाज' लिहावं, तर आमच्या सुरतेत त्या शब्दाला भलताच वास येतो. 'मालिश' लिहिलं की लोक तान्ही बाळं घेऊन दारात उभे. शेवटी पेंटरनेच डोकं चालवलं आणि लिहिलं, 'अंगदुखीवर हाताने उपचार'. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ येऊन विचारून गेले की पायाने करणारे कुठे बसतात.

तर अशा बाईला आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहायला सांगितलंय. मला लिहिण्याची सवय नाही, बोलण्याची आहे. त्यामुळे मी टेबलाशी उभी आहे, तुम्ही आडवे झाला आहात आणि मी बोलतेय, असं समजून वाचा. मध्येच झोप लागली तरी चालेल, माझ्याकडे पुष्कळ जणी झोपतात.

हे काम मी दोनदा शिकले. पहिल्यांदा सासूबाईंकडून. त्या लिंबायतमध्ये बाळ-बाळंतिणींचं अंग चोळायच्या. त्यांच्या हाताखाली पोरगी ओरडली की त्या खुशीत येऊन म्हणायच्या, "ओरड, ओरड. वात निंघी ऱ्हायना." दुसऱ्यांदा शिकले फिजिओथेरपीच्या एका दवाखान्यात. तिथे मी आधी टॉवेल धुवायचे, मग हळूहळू टेबलापर्यंत सरकले. तिथल्या मॅडमनी तक्त्यावर हाडं दाखवली, स्नायू दाखवले, कुठे हात लावायचा नाही ते बजावलं. पण त्यांची एक सवय मी उचलली ती सगळ्यांत कामाची. त्या हात लावायच्या आधी विचारायच्या. सासूबाई सांगायच्या, मॅडम विचारायच्या. हात मी सासूबाईंचे घेतले आणि तोंड मॅडमचं.

तेव्हापासून तेलाची बाटली उघडण्याआधी माझे तीन प्रश्न ठरलेले असतात. कुठे? किती? आणि कशासाठी?

'कुठे'ला अडचण नसते. 'किती'ला गावागावाचं उत्तर वेगळं. गुजराती बाई टेबलावर चढायच्या आधीच म्हणते, "बेन, धीमे धीमे हं." आमची खान्देशी बाई दात ओठ खाऊन सांगते, "दुखलं नही ते मालिश कसानी?" दुसऱ्या दिवशी अंग काळंनिळं झालं तर ती ते शेजारणीला नव्या साडीसारखं दाखवून येते. खरा मामला तिसऱ्या प्रश्नाचा. "कशासाठी म्हणजे? दुखतंय म्हणून!" असं उत्तर येतं. अहो, पण दुखायचं थांबल्यावर करणार काय? एकीला खाली बसून पोळ्या लाटायच्या असतात. एकीला नवरात्रात गरबा सोडायचा नसतो. एकीला फक्त कूस बदलताना 'आई गं' म्हणायचं नसतं. कंबर तीच, दुखरी जागा तीच, पण तिघींचं काम वेगळं. बाईने सांगितल्याशिवाय ते मला कसं कळणार? माझ्या हाताला डोळे आहेत, पण ते तिच्या कातडीपर्यंतच पोचतात.

एकदा बँकेतल्या एका साहेबांच्या मिसेस आल्या, कुलकर्णीवहिनी. अतिशय गोड बाई.

"वहिनी, तिळाचं तेल की खोबऱ्याचं?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते."

"जोर कमी लावू की जास्त?"

"तुम्ही त्यातल्या जाणकार."

"पालथ्या झोपता की कुशीवर?"

"तुमची जशी सोय असेल तसं."

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "माझी सोय विचाराल, तर मी झोपते, तुम्ही मालिश करा."

त्या आधी घाबरल्या, मग इतक्या हसल्या की निम्मी पाठ तिथेच सुटली. साडी फॉल लावायला टाकावी तसं त्या स्वतःचं अंग माझ्याकडे टाकून निघाल्या होत्या. घरात त्यांना कुणी काही विचारतच नसावं. त्या दिवशी दोन्ही बाटल्यांचा आळीपाळीने वास घेऊन त्यांनी खोबऱ्याचं तेल निवडलं, तेही मुलगी बघायला आल्यासारखा विचार करून. आता? आता त्या चौकातल्या पोलिसासारख्या मला हाकतात. "डावीकडे, शोभाताई. अजून खाली. तिथे नाही म्हटलं ना!" परवा त्यांचे यजमान रस्त्यात भेटले. म्हणाले, "हल्ली भाजी कुठली करायची हेही तीच ठरवते. काय घालता हो तुम्ही तेलात?"

पण मला सांगायचंय ते इंदूबाईंबद्दल. माझ्या तिसऱ्या प्रश्नाची खरी परीक्षा त्यांनी घेतली.

इंदूबाई लिंबायतच्या. माझ्याहून मोठ्या, अंगाने काटक, आवाजाने तोफ. उमेदीची सगळी वर्षं लूमच्या कारखान्यात बॉबिन भरण्यात गेली. आता घरी बसून साड्यांवर चमकीचे खडे चिकटवतात. लहानपणी कान फुटलेले, त्यावर आयुष्यभर सांच्यांचा, म्हणजे त्या लूमचा, खडखडाट. त्यामुळे ऐकू जवळजवळ शून्य. मुलाने कानाचं मशीन आणून दिलंय, ते कपाटात साडीच्या घडीत सुखाने झोपलेलं असतं. "त्यामा निस्ती खरखर शे," असा त्यांचा निकाल. समोरच्याचे ओठ बघून त्या सगळं समजून घेतात.

अडचण अशी, की पालथं झोपलेल्या बाईला माझे ओठ दिसणार कसे? पहिल्या दिवशी मी "दुखतंय का?" विचारत होते आणि त्या जमिनीकडे तोंड करून ओरडत होत्या, "जोर लाव ना वं बाई! भात खाईसन ऊनी का आज?" पडद्यापलीकडची बाई टेबलावरून उठून बसली.

मग इंदूबाईंनीच तोड काढली. सांच्यांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. टेबलाखाली लोंबणाऱ्या डाव्या हाताने त्या माझ्याशी तेच बोलू लागल्या. बोटं गोल फिरली की चालू दे. मूठ वळली की बंद. दोन बोटांची चिमूट फट्कन सुटली की धागा तुटला, म्हणजे इथे दुखणं वेगळं आहे, थांबून बघ. आणि हवेत मिशीला पीळ दिला की शेठ आला. ही खूण त्या त्यांची सून कविता पडद्यातून डोकावली की करायच्या. पालथ्या असताना त्यांना कविता आलेली कशी कळायची, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, चपलांवरून.

कविता सुरतेतच जन्मलेली, उंच, हसरी, एका दुकानात साड्यांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेण्याचं काम करणारी. सासूला रिक्षातून आणायची, न्यायची. दोघींचं बोलणं म्हणजे एक तोफ आणि एक मूकाभिनय. कविता ओठ मोठे मोठे करून बोलायची आणि इंदूबाई म्हणायच्या, "चावस काय माले?"

एके दिवशी मी इंदूबाईंच्या पाठीवर नुसता टॉवेल पसरत होते. अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. आणि खाली त्यांची चिमूट सुटली. धागा तुटला. मी खाली वाकून बघितलं, तर त्या बोटं झटकत होत्या. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, म्हणाल्या. खडे हातातून पडतात, म्हणाल्या. केव्हापासून? तर म्हणे, असंच, बऱ्याच दिवसांपासून, त्यात सांगायचं काय?

मी टॉवेलची घडी घातली. मालिशवाल्या बाईने हात केव्हा आवरायचा, हे तिला येत नसेल तर तिने लोणची घालावीत. कविताला आत बोलावलं आणि सांगितलं, आधी डॉक्टर, मग मी. फोटो निघाले. मानेच्या मणक्यांत नस दबत होती. डॉक्टरांनी व्यायाम दिला, गोळ्या दिल्या, खांदे आणि पाठ हलक्या हाताने चोळायला परवानगी दिली, आणि सांगितलं की डोक्यावर वजन अजिबात घ्यायचं नाही.

आणि श्रावण तोंडावर आला होता.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, खण, सगळा थाट. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, दळण होतं, रोट होतात, जागरण होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरची मोठी बाई देवीचा पाट डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघते. पुढे ढोल, आजूबाजूला पाटाला हात लावून गाणाऱ्या बायका, फुगड्या, गुलाल. लिंबायत-गोडादऱ्यात त्या दिवशी रिक्षावालेसुद्धा रिक्षा गल्लीत लावून नाचत असतात. इंदूबाईंच्या घरचा पाट सासू गेल्यापासून इंदूबाईंच्या डोक्यावर.

कविताने मला बाहेर गाठलं. रिक्षा थांबवून ठेवली होती.

"मावशी, एक काम करून द्या ना. मम्मींना सांगून द्या, पाट घेतला तर हात कायमचा जाईल."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही, ते म्हणाले वजन नको, त्रास वाढेल. पण मम्मी त्यांना मानतच नाहीत. तुम्हाला मानतात. तुम्ही जरा वाढवून सांगा. मला बहू टेन्शन होतं हो. ह्यांनी सांगितलं तर भांडण, मी सांगितलं तर म्हणतात, हिला पाट पाहिजे."

"तुला पाहिजे का?"

"मला त्यांचा हात नीट पाहिजे."

पोरगी खरं बोलत होती. डोळ्यांत पाणी होतं. आणि थोडं वाढवून सांगणं मला काय जड होतं? वाढवून सांगण्यावर तर मी जगते. पण एका गोष्टीत माझा हट्ट आहे. जी बाई पालथी पडलीय, तिला आपला चेहरा दिसत नाही. ती डोळे मिटून आपल्या हाताखाली असते. तिच्याशी खोटं बोलायचं नाही. एकदा ते केलं की तिची पाठ ते ओळखते आणि दगड होते.

"खोटं नाही सांगणार," मी म्हटलं. "पण खरं सगळं सांगीन, तुझ्यासमोर. ठरवायचं ते तिघी मिळून ठरवू."

पुढच्या खेपेला मी इंदूबाईंना टेबलावर झोपवलंच नाही. खुर्चीवर बसवलं, समोर मी, बाजूला कविता. ओठ दिसतील अशी बसले आणि सांगितलं. नस दबतेय. वजन घेतलं तर नक्की काय होईल ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही शंभर टक्के ठाऊक नाही. मुंग्या वाढू शकतात, बोटांतला जोर जाऊ शकतो, कदाचित काही होणारही नाही. पण मी तुमच्या जागी असते तर घेतलं नसतं.

इंदूबाईंनी माझ्याकडे दयेने बघितलं. "कानबाईले वजन ऱ्हास का वं? ती माय शे, पोतं नही."

"मायला नाही, पण पाटाला आहे. समयीला आहे. मखराला आहे."

"आजलोंग काही व्हयनं का माले?"

"आजलोंग नस दबली नव्हती."

"मी घेते ना मम्मी ह्या वर्षी," कविता म्हणाली. "तुम्ही बाजूला चाला."

झालं. इंदूबाईंनी हवेत मिशी पिळली. "दखं! मी मरसू तवय ले. आते नही."

आता माझ्या मनात असं होतं, की हा सगळा मानाचा मामला आहे. थोरली जाऊ, मोठेपणा, लोक पाया पडतात, पायावर पाणी घालतात. कुणाला नको वाटेल? मी तरी कशाला सोडीन? तरी सवयीने तिसरा प्रश्न विचारला. "पाट कशासाठी पाहिजे, इंदूबाई?"

"कशासाठी म्हन्जे? मना शे म्हनीसन."

माझा आहे म्हणून. हे 'दुखतंय म्हणून'सारखंच उत्तर होतं. पण दुसरं काही निघेना. तेव्हा मला एक नाटक सुचलं. म्हटलं, बाईला वजन दाखवावं. माझ्या स्वयंपाकघरातला जेवायचा लाकडी पाट आणला. रिकामाच. एका बाजूने मी धरला, दुसरीकडून कविताने, आणि इंदूबाईंच्या केसांना जेमतेम टेकवला. भार सगळा आमच्या हातांवर. मी सांगत होते, "हे नुसतं लाकूड आहे, आता ह्यावर समई धरा, नारळ धरा..." आणि मिरवणुकीचा रंग भरावा म्हणून मोकळ्या हाताने पाटाच्या कडेवर ठेका धरला. ढोलाचा. धिन्तक धिन्तक. तोंडानेही सुरू झाले. मला एवढंच निमित्त पुरतं.

इंदूबाई एकदम ताठ बसल्या. मला वाटलं, कळ आली. हात मागे घेतला.

"काब्र थांबनी?" त्या म्हणाल्या. आवाज तोफेचा नव्हता. "अजून वाजाड."

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटले.

"आइकाले येस," त्या म्हणाल्या.

कविता माझ्याकडे बघायला लागली, मी कविताकडे.

मग इंदूबाई बोलल्या, आणि आमच्यापैकी कुणाकडे न बघता बोलल्या. पाट डोक्यावर असला की त्यांना ढोल ऐकू येतो. बायका पाटाला हात लावून गातात, त्याचंही थोडं थोडं येतं. लाकडातून डोक्यात उतरतं. बाकी वर्षभर डोक्यात सांच्यांची घरघर, दुसरं काही नाही. "तो एक सकाय माले आइकाले येस. तो बी ली लेतस तुम्ही?"

ह्यामागचं शास्त्र मला विचारू नका. कानाच्या डॉक्टरांना विचारा. मला एवढंच कळलं, की एवढी वर्षं घरच्यांना, आणि थोड्या वेळापूर्वीपर्यंत मलाही जो मान वाटत होता, तो एका बहिऱ्या बाईचा गाणं ऐकायचा दिवस होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण देवीचा पाट आपण गाणं ऐकायला घेतो हे तिला पाप वाटत होतं.

कविताने पाट खाली ठेवला आणि नाक पुसलं. मग तीच म्हणाली, "मावशी, मग वजन कशाला पाहिजे? टेकला तरी येतंय ना ऐकू?"

बघा, ही सूचना माझी नाही, डॉक्टरांची नाही. सुनेची. देवी सासूच्या डोक्यावर, भार दोघींच्या हातावर. एका बाजूला कविता, दुसऱ्या बाजूला इंदूबाईंची धाकटी जाऊ. पाट केसांना टेकेल, मानेवर बसणार नाही.

इंदूबाईंनी मोठी घासाघीस केली. अर्धा भार तरी द्या म्हणाल्या. नाही. निदान घराच्या उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत? नाही. मग त्यांनी त्यांच्या अटी घातल्या. वाटेत कुणी विचारलं तर मान दुखते असं सांगायचं नाही, रिवाज आहे म्हणायचं. आणि नको वाटलं तर पाटाखालून कधी निघायचं हे त्या स्वतः ठरवतील, दुसऱ्या कुणी ओढायचं नाही. आम्ही कबूल केलं. मग तिघी डॉक्टरांकडे गेलो. ते आधी हसले, मग त्यांनी नीट ऐकून घेतलं, कविताला पाट कसा धरायचा ते उभं राहून विचारलं आणि स्वतःची अट घातली. मुंग्या आल्या की लगेच बाजूला व्हायचं, आणि नाचायचं नाही.

"मान नही हालाडत मी," इंदूबाई म्हणाल्या. "पाय ते नाचतीन ना?"

"पायही नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते ओठ मोठे मोठे करून म्हटलं, त्यामुळे बाहेर आल्यावर इंदूबाईंनी त्यांनाही मिशी बहाल केली.

आता तालमी. माझ्या खोलीचं नाट्यगृह झालं. कविता उंच, धाकटी जाऊ ठेंगणी. पाट उताराला लागायचा. त्यावर नारळाऐवजी ठेवलेला माझा तेलाचा डबा घरंगळत धाकट्या जावेच्या पदरात जायचा आणि ती दर वेळी "कानबाई पावली!" म्हणून ओरडायची. जावेला उंच टाचांच्या चपला द्याव्यात तर मिरवणुकीत अनवाणी चालायचं असतं. शेवटी कविताने गुडघे वाकवले, मान खाली घेतली आणि हनुवटी पाटाच्या कडेला टेकवली, तेव्हा पाट सपाट झाला. दिसत मात्र होती ती उंटीण पाणी पितेय अशी. पडद्यापलीकडच्या बायका मालिश अर्धवट टाकून बघायला यायच्या आणि सूचना द्यायच्या. कुलकर्णीवहिनींनी तर चक्क दिग्दर्शन केलं.

विसर्जनाच्या सकाळी मी लिंबायतला गेले. काम म्हणून नाही. पण नजर मात्र इंदूबाईंच्या मानेवरच होती. देवी खुलून दिसत होती. आरती झाली, दोघींनी पाट उचलला, इंदूबाई नवी साडी सावरत त्याच्या खाली शिरल्या. ढोलावर पहिली टिपरी पडली आणि त्यांचे डोळे मिटले. मी ओळखलं, सुरू झालं.

गल्ली हलायला लागली. बायकांनी पाटाला हात लावले, गाणी सुरू झाली. इंदूबाई सरळ मानेने, राणीसारख्या चालत होत्या. पाय थोडेसे नाचत होते. मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. चौकात ढोलवाल्यांनी दम घ्यायला थोडं थांबायचं ठरवलं. बाकीच्या बायकाही पाणी प्यायला पांगल्या. पाटाशी तिघीच उरल्या आणि कविता एकटीच गाणं पुढे नेत राहिली, हनुवटी पाटाला टेकलेली, तशीच वाकून.

इंदूबाई थबकल्या. डोळे उघडले. आणि पाटाखालून झटकन बाहेर आल्या.

गर्दी ढकलत मी पुढे घुसले. कविता घाबरली, पण पाट सोडता येईना. "मम्मी, मुंग्या आल्या? मावशी, बघा ना! मम्मी!"

"काही नही व्हयनं माले," इंदूबाई म्हणाल्या. त्या कविताच्या तोंडाकडे बघत होत्या. "हाई कोन गाई ऱ्हायनं व्हतं?"

"मी," कविता म्हणाली.

"तू?"

"हो."

"इतलं चांगलं गास तू?" तोफ परत आली होती, सगळी गल्ली ऐकत होती. "मंग घरमा काब्र नही गात?"

कविताचे हात पाटाला, त्यामुळे डोळे पुसता येईनात. तिने ओठ मोठे मोठे केले नाहीत. साधंच बोलली.

"गाते ना मम्मी. रोज गाते. भाकरी करताना."

इंदूबाईंनी ते ओठांवरून वाचलं. मागून दुसऱ्या घरच्या कानबाईची मिरवणूक येऊन चिकटली होती, त्यांचे लोक "चाला ना वं, पुढे चाला" म्हणून ओरडत होते. ढोलवाल्यांनी टिपऱ्या उचलल्या. इंदूबाईंनी हात वर करून मूठ वळली, आणि त्यातले निम्मे ढोलवाले लूमवरचेच कारागीर असल्यामुळे ते तिथल्या तिथे गप्प झाले.

मग त्या परत पाटाखाली शिरल्या, केस पाटाला नीट टेकवले आणि सुनेला म्हणाल्या, "पयलेथून म्हन."

मागचे लोक शिव्या घालत राहिले. कविताने हनुवटी टेकवली आणि पहिल्यापासून म्हटलं.